कोल्हिणीच्या नावाची बाटली

१

कोल्हिणीला शनिवारी दुपारी बारा वाजता इंजेक्शन देऊन मारायचं ठरलं होतं. ही बातमी घेऊन डॉक्टर बुधवारी सकाळी आमच्याकडे आला तेव्हा मी दाढी करत होतो. एक गाल फेसात, दुसरा कोरा. अशा अवस्थेत कुठल्याही नवऱ्याला आपल्या बायकोशी बोलणारा देखणा जनावरांचा डॉक्टर दाखवू नये. या डॉक्टरचे केस तर असे, की खोलीत वारा नसला तरी उडतात.

"काकू, आता तुमच्याशिवाय मला कुणी नाही," तो म्हणाला.

एकेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मला एकदाही सुचलं नव्हतं. त्यामुळे ते जास्तच झोंबलं.

आमची ही जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होती. लोकांच्या बायका मोती पारखतात, हिनं विष्ठा पारखली. एका थेंबावरून हिनं सर्कशीतल्या हत्तीचा स्वभाव सांगितलेला मी ऐकलाय, आणि तो खरा निघाला. निवृत्त होताना माणसं घड्याळ घेतात. हिनं आपला जुना मायक्रोस्कोप मागून घेतला. तो आमच्या झोपायच्या खोलीत, माझ्या बाजूच्या टेबलावर असतो. बाईच्या वाट्याला सवत येते. पुरुषाच्या वाट्याला तसलं काही आलं तर त्याला काय म्हणायचं, याची सोय भाषेनं केलेली नाही. मी त्याला एकडोळ्या म्हणतो.

डॉक्टर भडाभडा सांगत होता. टेकडीच्या पायथ्याशी एका जोडघरात दोन बहिणी राहतात. धाकटीकडे रावसाहेब नावाचा तांबूस, लांब केसांचा कुत्रा आहे. तो आठ दिवस खोकतोय, परवा नाकातून रक्त आलं. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत जंत. विष्ठेत अळ्या सापडल्या. औषध सुरू केलंय, वाचेल. पण धाकटी जखमी रानटी जनावरंही सांभाळते, आणि सध्या तिच्याकडे एक लंगडी कोल्हीण आहे. तिच्या नावाच्या नमुन्याच्या बाटलीतही त्याच अळ्या निघाल्या. थोरलीनं तक्रार केली, की कोल्हिणीनंच रोग आणला. प्राणीखात्याच्या साहेबांनी कागद काढला.

"धाकटी दोन दिवस जेवलेली नाही," डॉक्टर म्हणाला. "कोल्हीण चार दिवसांत रानात सुटणार होती हो. पाय जवळजवळ बरा झालाय."

हिनं चष्मा पुसला. "नरसाळं लावलं होतंस ना?"

"लावलं होतं, काकू. तुम्ही शिकवलंत तसंच."

कृती साधी असते. विष्ठा जाळीच्या कापडात पुरचुंडी करून बांधायची, नरसाळ्यात कोमट पाण्यात बुडेल अशी टांगायची आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. जिवंत अळ्या वळवळत पुरचुंडीतून बाहेर पडतात आणि वर पोहता येत नाही म्हणून तळाशी जमतात. तळाच्या रबरी नळीचा चिमटा सोडायचा, थेंब काचपट्टीवर घ्यायचा, पाहायचं.

"आणि पुरचुंड्या? उघडून पाहिल्यास?"

"त्या कशाला उघडायच्या? अळ्या तर थेंबात होत्या. पुरचुंड्या कचऱ्यात."

ही काही बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा मी साधारणपणे घराबाहेर जातो.

"दवाखान्याचा कचरा न्यायला गाडी कधी येते?"

"बुधवारी. नऊला."

भिंतीवरच्या घड्याळात नऊला बारा मिनिटं कमी होती.

२

मी स्कूटर त्या दिवशी जशी चालवली तशी जगात कुणी चालवली नसेल. एका वळणावर आमची सावली मागे राहिली आणि पुढच्या चौकात धापा टाकत येऊन मिळाली. माझ्या गालावरचा फेस वाऱ्यानं वाळून पापुद्रा झाला. मागे ही बसली होती आणि तिच्यामागून डॉक्टर आपल्या गाडीतून येत होता. ती त्याच्या गाडीत बसली नाही, माझ्या स्कूटरवर बसली. हे मी मनात लिहून ठेवलं.

कचऱ्याच्या माणसानं पिवळी पिशवी उचललेलीच होती. हिनं ती त्याच्या हातातून अशी घेतली, जशी लेकीच्या सासरहून आलेली परडी घ्यावी.

दवाखान्याच्या टेबलावर दोन पुरचुंड्या आल्या. दोन्हींना दोऱ्यानं चिठ्ठ्या होत्या, एकीवर 'कुत्रा', दुसरीवर 'कोल्हीण'. हिनं हातमोजे घातले, दोन्ही सोडल्या आणि पाण्याच्या बारीक धारेखाली चाळणीत धुतल्या.

"कुत्रा काय खातो?"

"धाकटी फार काटेकोर आहे," डॉक्टर म्हणाला. "मी दिलेलं कोरडं खाणं, मोजून. आणि उकडलेलं गाजर."

"आणि कोल्हीण?"

"मेलेले उंदीर, कोंबडीचे पाय, किडे."

पहिल्या चाळणीत गाजराचे नारिंगी तुकडे राहिले होते. दुसऱ्या चाळणीतही गाजराचे नारिंगी तुकडे राहिले होते. हिनं दुसरी चाळणी डॉक्टरच्या नाकाखाली धरली.

"दाखव मला. उंदराचा एक केस दाखव. हाडाची कपची? किड्याचा पंख? अरे, कोल्ह्याची विष्ठा म्हणजे त्याची रोजनिशी. काल काय खाल्लं ते सगळं त्यात असतं. ही कोल्हीण काय देवाला गाजर वाहते?"

डॉक्टरचे केस पहिल्यांदाच खाली बसले. मला जरा बरं वाटलं.

"म्हणजे दोन्ही बाटल्यांत कुत्र्याचीच..."

"कुत्र्याचीच. कोल्हिणीच्या बाटलीतलं कुणीतरी काढून टाकलं आणि कुत्र्याचं भरलं. बाटल्या कुठे ठेवल्या होत्या?"

"दोन घरांच्या मधल्या बोळात, सावलीच्या कट्ट्यावर. तीन दिवसांचे नमुने एकत्र करायचे असतात ना, म्हणून तीन दिवस तिथेच होत्या. त्या बोळाला बाहेरून दार नाही. घरातलीच तीन माणसं जातात-येतात."

"मग काम झालं," मी म्हणालो. "साहेबांना फोन करा. कोल्हीण सुटली."

"सुटली कशी?" ही म्हणाली. "ही बाटली खोटी, एवढंच कळलं. खरी बाटली अजून कुणी पाहिलेलीच नाही. समजा, तिच्यातही अळ्या असल्या तर?"

३

जोडघर म्हणजे एकाच छपराखाली दोन दारं, मध्ये तो बोळ, आणि मागे दोघींची मिळून एक बाग. डावीकडे थोरली आणि तिचा नवरा, उजवीकडे धाकटी. थोरलीच्या नवऱ्याला सगळे दाजी म्हणतात, डॉक्टरसुद्धा.

धाकटीनं दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि कोपराला कोल्हिणीनं ओरबाडलेलं होतं. रावसाहेब तिच्या पायांशी. माझ्याकडे त्यानं असं पाहिलं, जसं मी भाडं मागायला आलोय. मग तो खोकला, कोरडं, खोलवरून, आणि धाकटीनं त्याच्या छातीला हात लावला.

"काकू, ताईच बरोबर असेल तर? मीच आणली ना ही लंगडी घरात?"

"कधी आणलीस?"

"आज वीस दिवस झाले."

ही भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि बोटानं मागे मागे जाऊ लागली.

"हे बघ. या जंताची अळी कोल्ह्याकडून कुत्र्याकडे उडी मारत नाही. विष्ठेतून आधी ती गोगलगायीच्या पोटात जाते. तिथे वाढायला तिला दोन-तीन आठवडे लागतात. मग ती गोगलगाय कुत्र्यानं खायची. मग जंत फुप्फुसापर्यंत पोचणार, मोठा होणार, त्याला पिल्लं होणार, ती खोकल्याबरोबर घशात येणार, गिळली जाणार आणि मग विष्ठेत दिसणार. याला सहा-सात आठवडे. फारच घाई केली तर चार. आता तुझे वीस दिवस यात कुठे बसव."

धाकटीनं बोटं मोजली. मग पुन्हा मोजली.

"म्हणजे ती यायच्या आधीच हा आजारी होता?"

"बराच आधी. टेकडीवरून रात्री रानातले कोल्हे येतात-जातात, इथल्या गोगलगायींना त्यांचा प्रसाद वर्षानुवर्षं मिळतोय. प्रश्न एवढाच, की तुझ्या रावसाहेबानं गोगलगाय खाल्ली कुठे?"

"शक्यच नाही, काकू! मी त्याला दोरीशिवाय बाहेर नेत नाही. पाण्याचं भांडंसुद्धा घरात. जे पडेल ते मी लगेच उचलते."

"सगळं?"

"सगळं. हवं तर मोजा."

मला मोजायचं नव्हतं.

रावसाहेबाची गोष्ट धाकटीनं सांगितली. तो मूळ वडलांचा. ते गेल्यावर पाच वर्षं थोरलीकडे होता. नऊ महिन्यांपूर्वी धाकटीचं लग्न मोडलं आणि ती बॅग घेऊन या अर्ध्या घरात परत आली. त्याच दिवशी कुत्रा बोळातून चालत आला, तिच्या बॅगेवर बसला, तो परत गेलाच नाही.

"ताईला वाईट वाटलं असेल?"

"छे! ती म्हणाली, तुलाच लखलाभ, माझी केर काढण्यातून सुटका झाली."

हिनं डॉक्टरच्या नोंदी काढल्या. दोन महिन्यांपूर्वीचं वजन आणि परवाचं. आजारी जनावर वाळतं. मोजून खाणारा हा आजारी कुत्रा दीड किलोनं वाढला होता.

"आणि किती तुकतुकीत आहे," हिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "रोज विंचरतेस?"

"कुठे हो! वेळच नाही. पंधरा दिवसांत ब्रश लावलेला नाही. पण त्याचे केस गुंततच नाहीत, गुणी आहे."

लांब केसांचा कुत्रा, पंधरा दिवस ब्रश नाही आणि एक गाठ नाही. हिनं माझ्याकडे पाहिलं. मीही समजल्यासारखी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं.

"दिवसात तो तुझ्या नजरेआड कधी असतो?"

"पाच ते साडेपाच. तेव्हा मी आतल्या खोलीत दार लावून रानटी जनावरांचं खाणं-पिणं, जखमा बघते. कोल्हिणीच्या आधी साळिंदर होतं, त्याच्या आधी घुबड. तेवढा वेळ हा मागच्या पडवीत."

"पडवीला कडी आहे?"

धाकटी थबकली. "आहे. पण ती बाहेरून आहे."

४

निघताना हिनं कोल्हिणीच्या पिंजऱ्यातला त्या दिवसाचा ताजा नमुना स्वतःच्या हातानं घेतला, स्वतःच्या बाटलीत भरला आणि बाटली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. गुरुवारचा आणि शुक्रवारचाही ती तसाच घेणार होती. त्या पर्समध्ये मी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी दिलेला रुमालही असतो, पण त्याची चौकशी करायची ही वेळ नव्हती.

माझा संशय शेजारच्या मांजरावर होता. कुंपणावर बसून तेही खोकत होतं. मी हिला गंभीर आवाजात सांगितलं.

"मांजराच्या फुप्फुसातला जंत निराळा," ही म्हणाली. "तोही गोगलगायीतूनच येतो, पण तो कुत्र्याच्या वाटेला जात नाही. आणि बाटलीतलं कोल्हिणीचं काढून कुत्र्याचं भरायला मांजराला हात हवेत."

दाजी बागेत कोबीच्या वाफ्यात उकिडवे बसले होते. कोबी असा, की एकेका गड्ड्यात माणसानं संसार थाटावा.

"यंदा काय जादू केलीत, दाजी?" हिनं विचारलं.

"काही नाही! हीच गंमत," दाजी खूश झाले. "दरवर्षी गोगलगायी चाळण करून टाकतात. मी रोज बादलीभर वेचायचो. यंदा चार महिने झाले, पानाला भोक नाही. गेल्या कुठे मेल्या, कुणास ठाऊक."

"तुम्ही पाच वाजता कुठे असता?"

"पुढच्या दारी, पाणी घालत. सहापर्यंत. सगळी गल्ली बघते. का हो?"

"रावसाहेब आवडतो का तुम्हाला?"

दाजींनी खुरपं जमिनीत खुपसलं. "खरं सांगू, काकू? तो पलीकडे गेला तेव्हा मी मनात पेढे वाटले. पाच वर्षं आमच्या घरात पहिला घास त्याचा, गादीवरची उबेची बाजू त्याची. बायको संध्याकाळी तासभर त्याचे केस विंचरायची. अहो, माझ्या डोक्यावर केस होते तेव्हाही तिनं कधी कंगवा धरला नाही. आता तर प्रश्नच मिटला."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काही दुःखं फक्त नवऱ्यांनाच कळतात.

"मग कोल्हिणीचं काय?"

"मारू नये बिचारीला. पण बायकोनं तक्रार केली आणि मी बायकोच्या कागदाविरुद्ध बोलत नाही."

दाजींना राग काढायचा असता तर त्यांनी कुत्र्याला लठ्ठ कशाला केलं असतं? आणि पाच वाजता त्यांच्या हातात पाण्याची नळी, साक्षीला गल्ली. आता घरात उरलं एकच माणूस. ते खिडकीच्या पडद्यामागून आमच्याकडे पाहत होतं.

५

थोरलीनं चहा केला. घर असं लख्ख, की कपबशी ठेवताना टेबलाची क्षमा मागावीशी वाटे.

"मला काही त्या कुत्र्याचं नाही," ती आपणहून म्हणाली. "रोगराईचं आहे. आज याला झालं, उद्या गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना होईल. माझ्या बहिणीला काय, जे दिसेल ते उचलून आणायचं. लहानपणापासून तसंच. रस्त्यावरचं पाखरूसुद्धा माझ्या हातावरून उडून तिच्या खांद्यावर बसायचं. वडील म्हणायचे, हिच्या हाताला गोडी आहे."

"आणि तुमच्या हाताला?"

"माझ्या हाताला वळण आहे, असं म्हणायचे." ती हसली. ते हसू पाहून मी बिस्कीट खाली ठेवलं.

"पाच वाजता तुम्ही काय करता?"

"मुलगी परदेशात असते. तिच्याशी फोनवर बोलते. रोज."

"रोज अर्धा तास? छान आहे पोरगी."

थोरलीनं उगाचच चमचा सरळ केला.

हिनं हात धुवायला म्हणून आत जायची परवानगी मागितली. दोन मिनिटांनी परत आली आणि चहाचं कौतुक करून उठली. फाटकाबाहेर आल्यावर मला म्हणाली, "न्हाणीघरात खिळ्याला एक जुना लाकडी ब्रश आहे, कुत्र्याचा."

"पाच वर्षं कुत्रा होता तिच्याकडे. असणारच."

"नऊ महिने कुत्रा नाही त्या घरात. ब्रशावर धूळ हवी. धूळ नाही, आणि दातांत एक तांबूस केस आहे. ओला."

गुरुवारी दुपारी ही बागेत गोगलगायींचा चकचकीत वाळलेला माग काढत वाकून फिरत होती. वाफ्याच्या कडेनं, कुंपणाच्या कडेनं, भिंतीच्या कडेनं, सगळ्या वाटा एकाच ठिकाणी जात होत्या. मागच्या पडवीपासून दहा पावलांवर एक जुना पालथा टब पडला होता. मी तो उचलला. खाली फरशीवर इतक्या रेघा होत्या, की जणू सगळ्या गावच्या गोगलगायी तिथे चार महिने जेवायला येत होत्या. मधोमध एक वाटोळी, स्वच्छ जागा होती. वाडग्याच्या बुडाएवढी.

वाडगा मात्र नव्हता.

६

शुक्रवारी पाच वाजता आम्ही दोघं दाजींच्या अवजारांच्या खोपटात उभे होतो. फटीतून टब दिसत होता. खोपट एका माणसाचं होतं, त्यामुळे आम्ही फार जवळ उभे होतो. इतके जवळ आम्ही पंधरा वर्षांत उभे राहिलो नव्हतो. मी तसं कुजबुजलो. ही म्हणाली, "गप्प बसा, माझ्या पायावर फावडं आहे."

पाच वाजून चार मिनिटांनी पडवीची कडी वाजली.

थोरली आली. मागोमाग रावसाहेब. दोरी नाही, हाक नाही, तो आपला चालत आला आणि टबाशी बसला, रोजच्या गिऱ्हाइकासारखा. तिनं पदराआडून दुधात भिजवलेला पाव काढला आणि तळहातावर घेऊन घासाघासानं भरवला. मग ब्रश. कानामागून शेपटीपर्यंत, सावकाश. तोंडानं काहीतरी चाललेलं होतं, शब्द ऐकू येत नव्हते. एकदा कुत्रा खोकला. तेव्हा तिनं हात थांबवला, त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि तो थांबेपर्यंत तशीच बसली.

मी हळूच हिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, ही आता बाहेर जाऊन पकडणार. हिनं फटीवरून डोळा काढला आणि भिंतीकडे वळून उभी राहिली.

"पकड ना!"

"उद्या," ही म्हणाली. "आत्ता त्याचं जेवण चाललंय."

त्या संध्याकाळी हिनं तिन्ही दिवसांचे नमुने पुरचुंडीत बांधून नरसाळ्यात टांगले. नरसाळं माझ्या उशाशी. सकाळी चिमटा सोडला, थेंब काचपट्टीवर घेतला आणि एकडोळ्यावर वाकली. एक पट्टी. दुसरी. पाचवी. अकरावी. मी चहा केला, तो गार झाला. दुसरा केला. घड्याळ दहाकडे चाललं होतं आणि हिच्या चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती.

"काय आहे? सांग तरी!"

हिनं पुरचुंडी उघडून चाळणीत धुतली. उंदराचे केस, कोंबडीच्या हाडाच्या कपच्या, आणि एका किड्याचा हिरवा, चमकता पंख.

"ही रोजनिशी कोल्हिणीचीच," ती म्हणाली. "चला."

७

साडेअकराला धाकटीच्या खोलीत सगळे जमले. डॉक्टर, दाजी, दोघी बहिणी. प्राणीखात्याचे साहेब दाराशी उभे, हातात कागद. पिंजऱ्यात लंगडी भिंतीला पाठ लावून बसली होती.

"अकरा काचपट्ट्या," ही साहेबांना म्हणाली. "तीन दिवसांचे नमुने. एकही अळी नाही. डॉक्टरांनीही पाहिल्या. आणि आधीच्या बाटलीत कोल्हिणीचं नव्हतंच, कुत्र्याचं होतं. त्यातलं गाजर या डबीत आहे."

धाकटी पिंजऱ्याशी जाऊन बसली. साहेबांनी डबी पाहिली, कपाळावर आठ्या घातल्या, मग कागदाची घडी घातली. "पण कुत्र्याचं त्या बाटलीत गेलं कसं?"

"तेच सांगते. या धाकट्या बाईसाहेब कुत्र्याचं पडेल ते सगळं उचलतात आणि कुत्र्याच्या बाटलीत टाकतात. जास्तीचं मिळायचं तर कुत्रा यांच्याशिवाय बाहेर गेला पाहिजे. तो तसा रोज जातो, पाच ते साडेपाच. कुणीतरी बाहेरून कडी काढतं. चार महिने कुणीतरी त्याला दूधपाव घालतं. म्हणून वजन वाढलं. वाडगा टबाखाली भरून ठेवायचा, म्हणजे तो आला की लगेच तयार. त्या वासानं गोगलगायी दाजींचा कोबी सोडून वाडग्याकडे वळल्या. बारीकशी गोगलगाय दुधात कुणाला दिसते? कुत्रा चाटूनपुसून खातो. ज्या हातानं वाडगा भरला, त्याच हातानं बाटली भरली. ब्रशही त्याच हातात असतो."

दाजींनी सावकाश मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"मला दिसायच्या," थोरली म्हणाली. कुणी विचारलंच नव्हतं. "एखाद-दुसरी असायची काठावर. मी बोटानं उडवून द्यायचे. मला काय माहीत, त्यांत असलं काही असतं! डॉक्टर म्हणाले, यानं गोगलगाय खाल्लीय, तेव्हा कळलं मला. त्याच दिवशी वाडगा फोडून टाकला."

"मग सांगायचंस ना, ताई!"

"काय सांगायचं? की मी तुझ्या कुत्र्याला चोरून खाऊ घालते? तू पडवीला आतून कडी लावली असतीस. झालं. माझा अर्धा तास गेला असता." तिनं पदर सारखा केला. "कुणीतरी दोषी लागणारच होतं. रानातली एक कोल्हीण, म्हटलं, जाईल तर जाईल."

"एवढंच?" हिनं हळू विचारलं.

थोरली पिंजऱ्याकडे वळली.

"नाही. एवढंच नाही. धाकटीलाही एकदा कळावं, असं वाटलं. आपलं जनावर डोळ्यांदेखत दुसरीकडे गेलं की कसं होतं ते. ही आली, बॅग ठेवली, आणि पाच वर्षांचा माझा तो उठून गेला. मागे वळून बघितलं नाही त्यानं. मी म्हटलं, लखलाभ. दुसरं काय म्हणणार होते? तुझं लग्न मोडलं होतं, मी कुत्र्यासाठी रडले असते तर लोक हसले असते."

साहेबांनी कागद फाडला आणि तुकडे कुठे टाकावेत ते न कळून स्वतःच्याच खिशात घातले.

"ही मेली असती, ताई," धाकटी म्हणाली. "पाय बरा झाला होता तिचा."

"माहीत आहे."

"मला नाही वाटत मी हे विसरेन."

"विसरू नकोस," थोरली म्हणाली.

सोमवारी डॉक्टर, धाकटी आणि आम्ही दोघं टेकडीच्या पलीकडे गेलो. पिंजऱ्याचं दार उघडलं. लंगडी बाहेर आली, चार पावलं जपून टाकली, मग दुखरा पाय विसरली आणि झुडपांत अशी गेली, की धाकटीला हात वर करायलाही वेळ मिळाला नाही. थोरली आली नव्हती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

पण रावसाहेबाचं औषध राहिलं होतं. कडू, पांढरं, दाट, रोज एकदा, तीन आठवडे. धाकटीनं दिलं की तो दात आवळायचा, डोकं झटकायचा, औषध भिंतीवर. डॉक्टरनं दिलं तर डॉक्टरच्या केसांवर. हे मी स्वतः पाहिलं आणि त्या दिवशी मला रात्रीपर्यंत भूक लागली नाही, इतकं पोट भरलं. चार दिवस अर्धंच औषध पोटात गेलं आणि खोकला पुन्हा वाढला.

पाचव्या दिवशी धाकटी बोळ ओलांडून गेली आणि बहिणीचं दार वाजवलं. काय बोलली ते माहीत नाही, फार बोलली नसावी. औषधाची बाटली पुढे केली असेल. संध्याकाळी पाचला थोरली पडवीत बसली, सगळ्यांदेखत. कुत्र्यानं तिच्या मांडीवर हनुवटी टेकली, तोंड उघडलं आणि ते कडू औषध असं गिळलं, जणू साय. मग आपणहून पाठ वळवून बसला, ब्रशासाठी.

दाजी पुढच्या दारची नळी बंद करून मागे डोकावले आणि हळूच आत निघून गेले.

धाकटी खिडकीत उभी होती. ही तिच्याजवळ गेली, मी मागे.

"चांगलं घेतोय की गं," ही म्हणाली. "आता बरा होईल."

"हो." धाकटीची नजर पडवीवरून हलत नव्हती. तिकडे ब्रश कानामागून शेपटीपर्यंत चालला होता आणि रावसाहेबानं डोळे मिटले होते.

"काकू," ती म्हणाली, "हे औषध तीन आठवडेच द्यावं लागतं ना? दोनमध्ये नाही भागत?"